सेन्सरची समजूत

गाडीच्या डॅशबोर्डवर दिवे डझनभर असतात, पण ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातल्या माणसाचा घरोबा एकाच दिव्याशी जमतो. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. गॅरेजच्या भाषेत 'चेक लाइट'. तो पहिल्यांदा लागतो तेव्हा माणूस घाबरून गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि गंभीर चेहऱ्याने आत बघतो. आत नेमकं काय बघायचं असतं हे त्याला ठाऊक नसतं. तरी थोडा वेळ बघितल्याशिवाय बॉनेट लावणं बरं दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी सांगतं, बॅटरीची वायर काढून परत लाव. दिवा जातो आणि दोन दिवसांनी ताजातवाना होऊन परत येतो. तिसऱ्या आठवड्यात त्या दिव्यावर नेमका बसेल एवढा गणपतीचा स्टिकर मिळतो आणि प्रश्न धार्मिक पातळीवर सुटतो.

असा गाडीवाला डोंबिवली पूर्वेच्या कुठल्याही सोसायटीत सापडेल. सोयीसाठी त्याला 'मालक' म्हणू. निदान या लेखात तरी त्याला कुणी मालक म्हणेल. एमएच-०५ पाटीची, २०१८ सालची पांढरी हॅचबॅक. कर्ज नुकतंच फिटलेलं, म्हणजे गाडी बिघडायला शास्त्रोक्त मुहूर्त. तक्रार अशी की, उभी असताना गाडी थरथरते, काटा आठशेवर स्थिर राहायच्या ऐवजी खालीवर नाचतो, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते आणि मग झटका देते. ॲव्हरेज पडलंय ते वेगळंच. ॲव्हरेज पडणं ही इथली कौटुंबिक आपत्ती आहे. मुलाचे गणितातले मार्क पाचाने कमी झाले तर सांभाळून घेतात, ॲव्हरेज दोनने कमी झालं तर कुणी जेवत नाही.

मालक रोज डोंबिवलीहून ठाण्याला कल्याण-शिळ रस्त्याने जातो. काटई, पलावा, शिळफाटा, मुंब्रा बायपास. या रस्त्याचं आणि मोटारींचं नातं जुनं आहे. इथेच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि नव्वदच्या दशकात त्यातून प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी बाहेर पडत असे. आता त्या बाजूला गाड्या तयार होत नाहीत, नुसत्या उभ्या असतात. बोरीबंदर ते ठाणे हे चौतीस किलोमीटर अंतर १८५३ साली पहिल्या आगगाडीने तास-सव्वा तासात तोडलं होतं. तेवढ्या वेळात मालक काही दिवशी पलाव्याहून शिळफाटा नुसता बघू शकतो.

प्रीमियरचीच कुर्ल्याला बनणारी पद्मिनी होती तेव्हा असले प्रश्न नव्हते. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता, मिस्त्रीला कान होता. तो इंजिनाशी वाकायचा, डोळे मिटायचा, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि म्हणायचा, "आता ऐका." मालकाला काही फरक ऐकू यायचा नाही, पण तो मान डोलवायचा आणि पैसे द्यायचा. मिश्रण बरोबर होतं की नाही हे मिस्त्री आणि कार्ब्युरेटर यांच्याखेरीज कुणालाच कळायचं नाही. त्यामुळे भांडणं होत नसत.

आता भांडायला सेन्सर आहे.

हा ऑक्सिजन सेन्सर, गॅरेजमध्ये 'ओटू', इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या नळीत बसवलेला असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन शिल्लक राहिला की समजायचं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. गाडी 'लीन' चालतेय. शिल्लक नसेल तर पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे 'रिच'. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाचं टोपण असतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला गाडीचा धूर, आतल्या अंगाला मोकळी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकी वीज. लीनला जेमतेम ०.१ व्होल्ट, रिचला ०.९ च्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या विजेच्या भरवशावर गाडीचा संगणक, म्हणजे ईसीएम, दर क्षणाला पेट्रोल कमी-जास्त करत राहतो.

म्हणजे हा सेन्सर धुराची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. डोंबिवलीच्या बाबतीत ही फार मोठी श्रद्धा म्हणायला हवी. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो बघायला आले. अशा गावात 'बाहेरची शुद्ध हवा' प्रमाण धरून आयुष्यभर इमाने काम करणारा तो एकटाच. अर्थात ऑक्सिजन एमआयडीसीतही एकवीस टक्केच असतो, त्यामुळे सेन्सरचं भागतं. वासाचं काय करायचं हा रहिवाशांचा प्रश्न.

या सेन्सरच्या मुळाशी वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचं १८८९ सालचं समीकरण आहे. नर्न्स्टना १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी त्यांनी झिर्कोनियाचीच कांडी तापवून विजेचा दिवा बनवला होता आणि त्याचं पेटंट विकून मोटारी बाळगण्याची सोय केली होती. मोटारींचं त्यांना अतोनात वेड. चढावर गाडी दमू नये म्हणून ते इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडायचे, असं सांगतात. थोडक्यात, ज्याच्या गणितावर जगभरच्या गाड्यांचं मिश्रण जागेवर राहतं, तो गृहस्थ स्वतः जुगाडू होता. उल्हासनगरात दुकान टाकलं असतं तर चाललं असतं.

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली पहिल्यांदा व्होल्व्हो गाडीत बसला, कॅलिफोर्नियाच्या कडक प्रदूषण नियमांसाठी. व्होल्व्होला त्याचा इतका अभिमान की गाडीच्या पुढच्या जाळीवर 'लॅम्ब्डा सॉन्ड' अशी पाटी झळकायची. आपल्याकडे पुढच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' असतो. सेन्सर आहे हे तो बिघडेपर्यंत कळत नाही, आणि बिघडला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो.

मालकाने गाडीची तक्रार सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि निदान करणाऱ्यांची रांग लागली. बी विंगचं मत पडलं, प्लग बदला. ए विंगने सांगितलं, एअर फिल्टर. तळमजल्याने कुठल्या तरी परदेशी बाटलीचा फोटो पाठवला, जी टाकीत ओतली की इंजिन आतून चकाचक होतं. मालकाने सगळं केलं. प्लग बदलले, फिल्टर बदलला, बाटली ओतली. दिवा ढिम्म. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी अंतिम निवाडा दिला.

"दोष तुझा नाही, गाडीचा नाही. दोष उसाचा."

काकांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य होतं, आणि अर्धं तथ्य हे गॅरेजमध्ये फार धोकादायक असतं. उसापासूनही निघणारं इथेनॉल वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल पंतप्रधानांनी ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूत आणलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉलच्या वजनात सुमारे पस्तीस टक्के ऑक्सिजनच असतो. त्याला जळायला नऊ पट हवा पुरते, त्यामुळे वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा आकडा १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरतो. तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज यात सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. पण हे जास्तीचं इंधन ईसीएम सेन्सरच्या सल्ल्याने स्वतःच देतो. त्यासाठी दिवा लावत नाही. गाडी थरथरायला आणखी काहीतरी लागतं.

"म्हणजे कोल्हापूरवाले आपल्या टाकीत ऊस घालतात आणि आपण गप्प बसायचं?" काका म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी डिझेलची आहे.

शेवटी मेव्हणा आला. प्रत्येक नादुरुस्त गाडीमागे एक मेव्हणा असतो. त्याच्याकडे ऑनलाइन मागवलेला, काडेपेटीएवढा स्कॅनर होता. तो त्याने स्टिअरिंगखाली खोचला, मोबाइल वर-खाली हलवला आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा 'हं' केला.

"भावोजी, पी-शून्य-एक-सात-एक."

"म्हणजे?"

"सिस्टिम टू लीन. सेन्सर गेला."

कोड मिश्रण लीन आहे एवढंच सांगत होता. सेन्सर गेल्याचं मेव्हण्याने पदरचं घातलं. हा कोड लागतो कधी? सेन्सर 'लीन, लीन' सांगत राहतो, ईसीएम पेट्रोल वाढवत राहतो, आणि साधारण पंचवीस टक्के वाढवूनही भागेना की मग तो दिवा लावतो. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता, ईसीएम घाम गाळत होता. हवा कुठून तरी चोरवाटेने आत येत होती आणि ती वाट शोधायची होती. पण शोधायला वेळ लागतो, आणि सेन्सर बदलायला नुसते पैसे. कंपनीचा सेन्सर काही हजारांचा निघाला. तेव्हा मेव्हण्याने आवाज खाली आणला.

"बदलायचा कशाला? मॉडिफाय करू. ओळखीचा वायरमन आहे."

हे ज्ञान आकाशातून पडलेलं नाही, त्याला या भागात परंपरा आहे. महानगर गॅस १९९५ साली स्थापन झाली आणि पुढे टॅक्सी-रिक्षांपाठोपाठ घरच्या गाड्यांनाही सीएनजी किट लागू लागले. सीएनजीला हवा लागते सुमारे सतरा पट, ईसीएम शिकलेला पेट्रोलच्या हिशोबावर. गॅसवर गाडी गेली की पेट्रोलचा ईसीएम गोंधळायचा आणि दिवा लावायचा. म्हणून जुन्या किटमध्ये फिटर 'एम्युलेटर' नावाची एक डबी टाकायचे. गाडी गॅसवर असेपर्यंत ती डबी सेन्सरच्या नावाने ईसीएमला खोटे निरोप पाठवायची: सगळं आलबेल आहे, आपण निवांत राहा. अशा डब्या जोडतच वायरमनांची एक पिढी तयार झाली. पुढे येऊरच्या चढावर सायलेन्सर बदललेल्या बुलेट लीन होऊन फटफटू लागल्या, तेव्हा त्याच विद्येची दुसरी शाखा दुचाकीत उघडली.

वायरमनने गाडी ऐकली नाही, बघितली नाही, थेट वायर सोलली. सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर इकडे, एक तिकडे. "याने व्होल्टेज कमी होतं. संगणकाला वाटतं गाडी अजून लीन आहे. तो पेट्रोल वाढवतो. लीन खल्लास."

"किती झाले?"

"पंधराशे."

"पण हा रेझिस्टर पाच रुपयांचा..."

"पाच रुपये पार्टचे. बाकी कुठली वायर, ते माहीत असल्याचे."

डोंबिवलीकराला ही युक्ती पटायला वेळ लागला नाही, कारण त्याच्या घरात तीच चालते. इथल्या भिंतीवरचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे असतं, आठ-बाराची लोकल चुकू नये म्हणून. पहिले चार दिवस सगळे दचकून धावतात. पाचव्या दिवसापासून घर शिकतं. घड्याळात आठ वाजले की आजीपासून नातवापर्यंत सगळे मनात दहा वजा करून निवांत चहा पितात. मग कर्ता पुरुष घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करतो आणि घर आठवड्याभरात पंधरा वजा करायला लागतं. ईसीएम अगदी हेच करतो. त्याला 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' म्हणतात. सेन्सर सतत एकाच बाजूला झुकतो असं दिसलं की तो ती वजाबाकी-बेरीज पाठ करून टाकतो आणि पुढच्या वेळी सुरुवातच तिथून करतो. फरक इतकाच की लोकल चुकली की घर गाडीला शिव्या देतं. ईसीएमला शिव्या द्यायला तोंड नाही, म्हणून तो दिवा लावतो.

मालकाच्या गाडीत पुढे जे झालं, ते पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं होतं. चोरवाटेने येणारी हवा जास्त त्रास देते ती इंजिन उभ्या उभ्या चालू असताना, कारण तेव्हा इंजिनाला मुळात हवा लागते थोडी आणि त्यात हा चोरून आलेला झोत मोठा ठरतो. वेगात असताना इंजिन इतकी हवा ओढतं की त्यात हा झोत हरवून जातो. म्हणजे शिळफाट्याला, उभ्या गाडीत, ईसीएम आधीच पंचवीस टक्क्यांच्या भिंतीला टेकलेला. त्याला 'अजून लीन' सांगून तो देणार काय? गाडी पहिल्यासारखीच थरथरली. मग मुंब्रा बायपासला रस्ता मोकळा झाला, तिथे मिश्रण खरं तर ठीक होतं; पण रेझिस्टर तिथेही 'लीन, लीन' ओरडत होता. ईसीएमने विश्वास ठेवून पेट्रोल ओतलं. मागून काळपट धूर, आत पेट्रोलचा वास.

"अहो, गॅस चालू राहिला का घरी?" बायकोने विचारलं.

"एमआयडीसीचा वास आहे," मालक म्हणाला. डोंबिवलीत हे उत्तर कुठल्याही वासाला चालतं.

आठवड्यात दिवा परत लागला. मेव्हण्याने स्कॅनर खोचला. आता कोड दोन होते: जुना पी-शून्य-एक-सात-एक आणि सोबतीला पी-शून्य-एक-तीन-एक, सेन्सरचं व्होल्टेज कमी. दिवा एकच, तक्रारी दोन. ॲव्हरेज आणखी खाली. मेव्हणा म्हणाला, "रेझिस्टर थोडा मोठा टाकायला हवा होता." मग दोन दिवस त्याचा फोन लागला नाही.

नेमकी तेव्हाच पीयूसी संपली. पीयूसी केंद्र म्हणजे पंपाच्या कोपऱ्यात उभी केलेली व्हॅन, आत एक संगणक आणि एक पंखा, आणि पंखा संगणकाकडे वळवलेला. पूर्वी ही तपासणी शिष्टाचारापुरती असायची. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना मात्र इंजिनाचा वेग चढवून कार्बन मोनॉक्साइडबरोबर लॅम्ब्डाही, म्हणजे मिश्रणातली हवा हवी त्याच्या किती पट आहे तेही, मोजतात, आणि तो एकच्या जेमतेम तीन शतांश आगेमागे असावा लागतो. शिवाय पाटीचा फोटो निघतो आणि निकाल थेट सरकारी 'वाहन' नोंदीत जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार प्रदूषणाचे निकष मोडले तर दंड १० हजारांपर्यंत जाऊ शकतो.

"रेस द्या साहेब," आतला मुलगा म्हणाला. मालकाने रेस दिली.

"थांबा साहेब. एवढी नको."

"मी दिलेलीच नाही."

मुलाने पडद्याकडे बघितलं, मग मागच्या धुराकडे बघितलं, मग मालकाकडे सहानुभूतीने बघितलं. "गाडी रिच चाललीय. फेल दाखवतंय."

मालकाला काय वाटलं असेल! लीन म्हणून ज्या गाडीवर पंधराशे रुपये घातले, तिला सरकार रिच म्हणत होतं. सोसायटीच्या मेंटेनन्सला गरीब आणि इन्कम टॅक्सला श्रीमंत, असा माणूस त्याने बघितला होता. गाडी प्रथमच बघितली.

अखेर कल्याणला, आधारवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याखालच्या एका गॅरेजात गाडी गेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे स्कॅनर होता, पण तो त्याने काढला नाही. आधी वायरमनचे रेझिस्टर काढून मालकाच्या हातात ठेवले. मग इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा घेतला आणि इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर एकेका ठिकाणी थोडा थोडा मारत गेला. एका जागी फवारा लागला आणि इंजिनाचा सूर एकदम चढला. जिथे भोक, तिथून फवारा आत ओढला जातो आणि जळतो. मिस्त्रीने आरसा आत धरला. व्हॅक्यूमच्या एका रबरी नळीला मागच्या बाजूने अर्धचंद्राकृती खाच होती, कडेला बारीक दातांचे ठसे.

उंदीर.

पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली येणारा उंदीर हा ठाणे-डोंबिवलीच्या गाड्यांचा नियमित प्रवासी आहे. त्याच्यासाठी लोक इंजिनात तंबाखूची पानं बांधतात, डांबरगोळ्या ठेवतात, फिनेल मारतात, जाळ्या लावतात. उंदीर तंबाखू बाजूला सारून रबर खातो. मालकाच्या गाडीत तर विशेष योग जुळून आला होता. डॅशबोर्डवर स्टिकरमध्ये गणपती बसलेले, आणि त्याच वेळी आत त्यांचं वाहन मालकाच्या वाहनावर बसून जेवत होतं.

नळीची किंमत पीयूसीच्या पावतीएवढी. ती बदलली, कोड पुसला, इंजिन चालू केलं. काटा आठशेवर येऊन थांबला आणि हलायला तयार होईना. मिस्त्री हात पुसू लागला. मालकाचा चेहरा मात्र पडला. इतके दिवस, इतके पैसे, उसावर इतकी चर्चा, आणि शेवटी निघालं काय, तर वीतभर रबर? लोकांना सांगायचं काय?

"एवढंच?" त्याने विचारलं.

"मोठं काढून देऊ का?" मिस्त्री म्हणाला.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मालकाने लिहिलं: 'इंटेक सिस्टिममध्ये मेजर इश्यू होता. आता क्लिअर.' खाली अंगठे पडले. मेव्हण्याने लिहिलं, 'म्हटलंच होतं.' रात्री तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. त्यांच्या सुनेच्या पेट्रोल गाडीचाही दिवा लागला होता, आणि त्यांना सविस्तर हवं होतं. मालकाने त्यांना सगळं सांगितलं: फवारा, नळी, उंदीर, चोरवाट, सेन्सर कसा पहिल्यापासून खरं बोलत होता, आधारवाडीचं गॅरेज, मिस्त्रीचा नंबर. काकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"ते उंदराचं राहू दे रे," ते म्हणाले. "तो रेझिस्टर काढलास म्हणालास ना? मग आता घरी नुसताच पडून असेल."

मालकाने क्षणभर विचार केला आणि सातशे रुपये सांगितले. वापरलेला आहे, या मुद्द्यावर काकांनी तो निम्म्याला मागितला.